दात काढायचे की ठेवायचे : तारांच्या उपचारातील विदाविज्ञानाचा आढावा

अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या ऑर्थोडॉन्टिक्स दवाखान्यातील चाळीस वर्षांच्या नोंदींचा आढावा १९९४ साली प्रसिद्ध झाला. वेडेवाकडे दात सरळ करून घ्यायला आलेल्यांपैकी किती जणांचे दात जागा करण्यासाठी काढले गेले, हे त्यात मोजले होते. १९५३ साली हे प्रमाण ३० टक्के होते. १९६८ साली ते ७६ टक्क्यांवर गेले आणि १९९३ साली पुन्हा २८ टक्क्यांवर आले. त्या राज्यातल्या मुलांचे जबडे या काळात आधी आकसले आणि मग रुंदावले, असे अर्थातच घडले नव्हते. डॉक्टरांचे मत दोनदा फिरले होते.

काढले जाणारे दात बहुतेक वेळा किडलेले नसतात. त्या असतात चार निरोगी उपदाढा, आणि खुर्चीत बसलेला रुग्ण असतो बारा-चौदा वर्षांचा. काढलेला दात परत बसवता येत नाही. असा निर्णय शिकवणीच्या पठडीवर किंवा त्या दशकातल्या वाऱ्यावर ठरू नये, असे या विषयातल्या अनेकांना फार पूर्वीपासून वाटत आले आहे. हजारो रुग्णांचे एक्स-रे, साचे, फोटो आणि उपचाराचे परिणाम संगणकापुढे ठेवले, तर समोरच्या रुग्णासाठी अधिक भरवशाचा सल्ला मिळेल का? गेल्या दहा-पंधरा वर्षांत विदाविज्ञान या प्रश्नासह ऑर्थोडॉन्टिक्समध्ये शिरले.

या एका नावाखाली चार वेगळी कामे चालतात, हे आधी लक्षात घ्यावे लागते: एक्स-रेवर खुणा करणे, उपचाराचा निर्णय सुचवणे, जबड्याच्या वाढीचा अंदाज बांधणे आणि दात प्रत्यक्षात किती सरकेल ते सांगणे. चारही कामांत प्रगती सारखी झालेली नाही, आणि एका कामातले यश दुसऱ्याच्या खात्यावर मांडल्यामुळे बराच गोंधळ होतो.

वाद जुना, मोजपट्टी नंतरची

एडवर्ड अँगल यांनी १८९९ साली पहिल्या कायमच्या दाढा एकमेकींवर कशा बसतात यावरून दातांच्या ठेवणीचे तीन वर्ग पाडले. ती वर्गवारी आजही केसपेपरवर लिहिली जाते. तोंडातले सगळे दात योग्य जागी बसवता येतात आणि बसवलेच पाहिजेत, अशी अँगल यांची ठाम धारणा होती. कॅल्व्हिन केस यांना ती पटत नव्हती. काही चेहऱ्यांत सगळे दात ठेवायचा हट्ट धरला, तर ओठ पुढे ढकलले जातात, असे ते सांगत. १९११ साली अमेरिकी दंतवैद्यांच्या सभेत यावर जाहीर वाद झाला.

वादाला कलाटणी दिली ती अँगल यांच्याच शिष्याने. ॲरिझोनात व्यवसाय करणाऱ्या चार्ल्स ट्वीड यांनी दात न काढता उपचार केलेले आपलेच रुग्ण पुन्हा तपासले. अनेकांचे दात पुन्हा वाकडे झाले होते, चेहरे पुढे आले होते. त्यांनी उपदाढा काढून नव्याने उपचार केले आणि १९४० च्या सुमारास अशा शंभर रुग्णांच्या नोंदी सहकाऱ्यांपुढे मांडल्या. १९६८ सालचे ७६ टक्के हे त्या लाटेचे टोक. पुढे लाट ओसरली, त्यामागे अनेक कारणे होती. दात काढल्यावर चेहरा चपटा दिसतो अशी तक्रार होती, दात काढूनही ते पुन्हा वाकडे होतात असा अनुभव होता, जबड्याच्या सांध्याचे दुखणे मागे लागण्याची भीती होती. शिवाय प्रत्येक दाताभोवती धातूची पट्टी बसवण्याऐवजी ब्रॅकेट थेट चिकटवण्याचे तंत्र आले आणि पट्ट्यांना लागणारी जागा वाचली.

दोन्ही बाजू आपापल्या रुग्णांच्या आधारे बोलत होत्या. सगळ्यांना एकच मोजपट्टी मिळाली ती १९३१ साली. क्लीव्हलँडचे ब्रॉडबेंट आणि जर्मनीतले होफ्राथ यांनी डोके एका चौकटीत स्थिर धरून बाजूने एक्स-रे काढण्याची पद्धत एकाच वर्षी मांडली. हाच आजचा लॅटरल सेफॅलोग्राम. त्यावर बिंदू ठेवायचे, रेषा जोडायच्या, कोन मोजायचे. १९४८ साली डाउन्स यांनी आणि १९५३ साली स्टायनर यांनी मोजमापांचे संच दिले. स्टायनर यांच्या कोष्टकात वरच्या जबड्याचा कोन ८२ अंश, खालच्याचा ८० आणि दोहोंतला फरक २ अंश. हे आकडे भारतातल्या विद्यार्थ्यांनाही पाठ असतात.

पण ते आले कुठून? डाउन्स यांची मूळ मोजमापे उत्तम दंतरचना असलेल्या अवघ्या २० गोऱ्या अमेरिकी मुलामुलींवर आधारलेली होती, सारी १२ ते १७ वर्षांची. भारतात वेगवेगळ्या समाजगटांसाठी अशी कोष्टके तयार करण्याचे काम एमडीएस या पदव्युत्तर पदवीच्या प्रबंधांतून सातत्याने होत आले आहे. स्टायनर, ट्वीड, रिकेट्स आणि मॅकनमारा यांच्या मोजमापांची सरासरी मराठा समाजातील व्यक्तींसाठी काढणारा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. कुणाच्या चेहऱ्याला ‘नॉर्मल’ म्हणायचे हा प्रश्न यंत्रांच्या आधीपासूनचा आहे आणि यंत्रांनी तो वारशात घेतला आहे.

संगणकाची पहिली पिढी

रॉबर्ट रिकेट्स यांनी सेफॅलोग्रामची मोजमापे संगणकावर करून देण्याची आणि वाढीचा अंदाज वर्तवण्याची व्यावसायिक सेवा अमेरिकेत १९७० च्या आसपास रुळवली. १९८७ साली ब्रिटनमधल्या ब्रिस्टलच्या गटाने वेगळी वाट धरली. सर्वसाधारण दंतवैद्याला तज्ज्ञाचा सल्ला मिळावा म्हणून त्यांनी ‘असे असेल तर असे करा’ अशा नियमांवर चालणारी प्रणाली बांधली. ‘थोडेसे पुढे’, ‘बरेच पुढे’ अशा सैल शब्दांना गणितात बसवण्याची सोय तिच्यात होती. नियम माणसांनीच लिहिलेले असल्याने यंत्राने सल्ला का दिला, ते वाचता येत असे.

आकड्यांनी उपचाराचा निर्णय प्रत्यक्षात बदलल्याचे मोठे उदाहरण मात्र यंत्रातले नाही. ब्रूक आणि शॉ यांनी १९८९ साली उपचाराची गरज मोजणारा निर्देशांक मांडला. दातांच्या आरोग्यासाठी पाच श्रेणी आणि दिसण्यासाठी दहा छायाचित्रांची पट्टी, एवढेच त्याचे स्वरूप. २००६ पासून इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेत मुलांना मोफत तारा मिळणार की नाही हे त्यावर ठरते. चौथी आणि पाचवी श्रेणी पात्र. तिसरी असेल तर दिसण्याची पायरी सहा किंवा त्यापुढची हवी. सीमेवरच्या मुलांवर अन्याय होतो अशी टीका होते, पण निकष जाहीर आहेत आणि पालकाला ते समजतात.

बिंदू ठेवणारे यंत्र

विदाविज्ञानाचे सर्वांत पक्के यश इथे आहे. सेफॅलोग्रामवर बिंदू ठेवणे वेळखाऊ आणि चुकीला वाव देणारे काम. १९७१ साली बॉमरिंड आणि फ्रांट्झ यांनी दाखवले की प्रत्येक बिंदूची चूक वेगळ्या आकाराची असते. हाडाच्या वळणदार कडेवरचा बिंदू डॉक्टर कडेला धरून वर-खाली सरकवतात, आडवा फारसा हलवत नाहीत.

२०१४ आणि २०१५ साली वैद्यकीय प्रतिमांच्या एका आंतरराष्ट्रीय परिषदेत तैवानच्या संशोधकांनी खुली स्पर्धा ठेवली. ४०० रुग्णांचे एक्स-रे, प्रत्येकावर १९ बिंदू, दोन डॉक्टरांनी केलेल्या खुणा. यंत्राचा बिंदू दोन मिलिमीटरच्या आत पडला तर तो बरोबर. सर्वोत्तम पद्धतीला सुमारे ७५ टक्के यश मिळाले. पुढे सखोल शिक्षणाची (डीप लर्निंगची) तंत्रे आली. २०१९ साली सोलच्या गटाने हजाराहून अधिक एक्स-रेंवर शिकवलेले यंत्र ८० बिंदू शोधण्यासाठी वापरले, आणि त्यानंतरच्या लेखात यंत्राची चूक दोन माणसांमधल्या फरकाच्या जवळपास असल्याचे मांडले. आज अशा सेवा इंटरनेटवर उपलब्ध आहेत. एक्स-रे चढवला की काही क्षणांत कोन हातात येतात.

तरी दोन मिलिमीटर हे अंतर किती मोठे आहे, हे पाहायला हवे. नाकाच्या मुळाशी असलेला बिंदू आणि वरच्या जबड्याच्या पुढचा ‘ए’ बिंदू यांत साधारण साडेपाच-सहा सेंटिमीटर अंतर असते. ‘ए’ बिंदू दोन मिलिमीटर पुढे सरकला तर दोन्ही जबड्यांतला फरक दाखवणारा कोन जवळजवळ दोन अंशांनी वाढतो. म्हणजे स्पर्धेच्या नियमांत ‘बरोबर’ ठरलेला बिंदू दोन अंशांच्या सामान्य रुग्णाला चार अंशांच्या, दुसऱ्या वर्गाकडे, म्हणजे वरचा जबडा पुढे असण्याकडे, झुकलेल्या रुग्णात बदलू शकतो. सरासरी चूक छापून भागत नाही. ती कुठल्या बिंदूवर आणि कुठल्या दिशेने झाली, ते सांगावे लागते.

दुसरी मर्यादा यंत्रसामग्रीची. एका रुग्णालयाच्या एका मशीनवर शिकलेले यंत्र दुसऱ्या मशीनच्या एक्स-रेवर अडखळते. पाकिस्तानातील संशोधकांनी अलीकडे खुला केलेला ‘आरिझ’ हा संच म्हणूनच मोलाचा. त्यात सात वेगवेगळ्या मशीनवर काढलेले एक हजार एक्स-रे आहेत, आणि ते दक्षिण आशियाई चेहऱ्यांचे आहेत.

निर्णय शिकवायचा कुणाकडून?

बिंदूंच्या बाबतीत निदान एक खरी जागा असते. दात काढावा की नाही, याला तसे उत्तर आधीपासून ठरलेले नसते. सगळ्या वादाचे मूळ इथे आहे.

२०१० साली चीनमधल्या एका गटाने ११ ते १५ वयाच्या २०० मुलांच्या नोंदींवर कृत्रिम न्यूरल नेटवर्क शिकवले. न पाहिलेल्या मुलांवर त्याची अचूकता ८० टक्के निघाली. चाचणीला ठेवलेली मुले होती २०. २०१६ साली कोरियातल्या जंग आणि किम यांनी १५६ रुग्णांवर दात काढण्याच्या प्रश्नात ९३ टक्के आणि कोणते दात काढावेत याच्या तपशिलात ८४ टक्के अचूकता नोंदवली. २०१९ साली ३०२ रुग्णांवर ९४ टक्क्यांचा आकडा आला. आणि २०२१ साली, ८३८ रुग्ण आणि अनेक डॉक्टर असलेल्या अमेरिकी नोंदींवर तीच कसरत केली तेव्हा अचूकता ८० टक्क्यांच्या खाली राहिली.

रुग्ण वाढले आणि अचूकता उतरली, हे वरवर पाहता उलटे वाटते. कारण सरळ आहे. २०१६ च्या अभ्यासात ‘बरोबर उत्तर’ म्हणजे एका अनुभवी डॉक्टरचा निर्णय. एकाची सवय यंत्र लवकर उचलते. अनेक डॉक्टरांचे निर्णय एकत्र आले की त्यांचे आपसातले मतभेदही विदेत येतात आणि यंत्राला एक सुसंगत गुरू उरत नाही. अशा वेळी २०२१ चा कमी आकडाच वास्तवाच्या जास्त जवळचा मानावा लागतो.

आणखी एक खाच आकड्यांत दडलेली असते. शंभरातल्या ७५ रुग्णांचे दात काढले जात नसतील, तर प्रत्येकाला ‘काढू नका’ असे डोळे मिटून सांगणारे यंत्रही ७५ टक्के अचूक ठरते. म्हणून नुसत्या अचूकतेपेक्षा दुसरे काही तपासायला हवे: यंत्र ज्यांना ‘सत्तर टक्के शक्यता’ सांगते अशा शंभर रुग्णांपैकी खरोखर सत्तरांच्या बाबतीत तसे घडते का? अंदाज वर्तवणाऱ्या प्रारूपांचे अहवाल कसे लिहावेत याची ‘ट्रायपॉड’ नावाची आंतरराष्ट्रीय नियमावली २०१५ साली आली आणि २०२४ साली ती कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी सुधारली गेली. तिच्यात या तपासणीवर भर आहे.

मूळ हरकत याहून खोल जाते. ही यंत्रे डॉक्टरांनी काय केले ते शिकतात. जे केले त्यातून रुग्णाचे भले झाले का, हे त्यांच्या विदेत बहुधा नसतेच. १९६८ च्या नोंदींवर शिकलेल्या यंत्राने चौघांतल्या तिघांचे दात काढायला सांगितले असते आणि १९९३ च्या नोंदींवर शिकलेल्याने चौघांतल्या एकाचे. दोन्ही यंत्रांची अचूकता उत्तम भरली असती.

याला पर्याय काय असू शकतो, ते १९९२ साली पाकेट, बीटी आणि जॉन्स्टन यांनी दाखवले. त्यांच्याकडे सखोल शिक्षण नव्हते. भेददर्शी विश्लेषण हे साधे संख्याशास्त्रीय तंत्र वापरून त्यांनी जुन्या नोंदींतले असे रुग्ण निवडले, ज्यांचा निर्णय कुठल्याही बाजूला जाऊ शकला असता. त्यांतल्या काहींचे दात काढले गेले होते, काहींचे नव्हते. उपचाराला बरीच वर्षे उलटल्यावर या रुग्णांना परत बोलावून तपासले. दात पुन्हा वाकडे होण्याचे प्रमाण दोन्ही गटांत जवळपास सारखे होते. चेहऱ्याच्या बाजूच्या रेषेत सुमारे दोन मिलिमीटरचा फरक होता आणि आपल्या दिसण्याबद्दल दोन्ही गट सारखेच समाधानी होते. सीमेवरच्या रुग्णासमोर आजही ठेवता येईल अशी ही माहिती आहे, आणि तिचे मोल परत बोलावण्याच्या कष्टांत आहे.

एका सुळ्याचे उदाहरण

विदेच्या आधारे निर्णय घेण्याचे ऑर्थोडॉन्टिक्समधले बहुधा सर्वांत स्वच्छ उदाहरण वरच्या सुळ्याचे आहे. काही मुलांचा कायमचा सुळा वाट चुकून टाळूकडे सरकतो. तसाच राहिला तर शेजारच्या पटाशीच्या दाताचे मूळ झिजवू शकतो, आणि मग शस्त्रक्रियेने उघडा पाडून ओढून आणावा लागतो. स्वीडनच्या एरिकसन आणि कुरोल यांनी १९८८ साली असे ४६ सुळे अभ्यासले. मुले १० ते १३ वर्षांची. उपचार एकच: वरचा दुधाचा सुळा काढून टाकायचा आणि वाट पाहायची. ४६ पैकी ३६ सुळे, म्हणजे ७८ टक्के, आपोआप मार्गावर आले.

त्यांनी पुढे असे पाहिले की सगळे दात एकत्र दाखवणाऱ्या ओपीजी एक्स-रेवर सुळ्याचे टोक शेजारच्या दाताच्या मध्यरेषेपलीकडे गेलेले नसेल तर यश ९१ टक्के, गेले असेल तर ६४ टक्के. कुठल्याही तालुक्याच्या गावचा दंतवैद्य पट्टी-पेन्सिल घेऊन हा नियम वापरू शकतो. तो का चालतो हेही त्याला आईवडिलांना सांगता येते.

त्या अभ्यासात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. दुधाचा दात न काढताही काही सुळे आले असते का, याचे उत्तर मिळायला बराच काळ गेला. २०१५ साली स्वीडनमध्येच नाउमोवा आणि सहकाऱ्यांनी यदृच्छ पद्धतीने चाचणी केली. दुधाचा दात काढला त्या बाजूला ६९ टक्के सुळे आले, काढला नाही तिथे ३९ टक्के. उपाय खरा निघाला, पण त्याचे श्रेय मूळ आकड्यापेक्षा कमी होते, कारण बरेच सुळे निसर्गतःच येणार होते. नोंदींमधून काढलेल्या कुठल्याही निष्कर्षाला ही पायरी चुकत नाही. यंत्राने काढलेलाही त्याला अपवाद नाही.

वाढीचा अंदाज

मुलाचा खालचा जबडा अजून किती आणि कुठल्या दिशेने वाढणार, हे आधी कळले तर कितीतरी निर्णय सोपे होतील. १९८४ साली बॉमरिंड यांच्या गटाने पाच अनुभवी तज्ज्ञांना मुलांचे सुरुवातीचे एक्स-रे दाखवून कोणाचा जबडा मागे फिरत वाढेल ते ओळखायला सांगितले. तज्ज्ञांचे अंदाज नाणेफेकीपेक्षा सरस ठरले नाहीत.

मानेच्या मणक्यांच्या आकारावरून वाढीचा टप्पा ओळखण्याची पद्धत लोकप्रिय आहे. पण २००९ साली दहा ऑर्थोडॉन्टिस्टना तीच पद्धत शिकवून एक्स-रे दाखवले, तेव्हा त्यांच्यात निम्म्याहून कमी वेळा एकमत झाले, आणि स्वतःच्याच आधीच्या उत्तराशी ते ६२ टक्के वेळा जुळले. आता याच टप्प्यांवर यंत्रे शिकवली जात आहेत. यंत्र दमत नाही, आज एक आणि उद्या दुसरे सांगत नाही. पण शिकवणाऱ्यांतच एकमत नसेल, तर यंत्राच्या सातत्याला अचूकता म्हणता येत नाही.

इथली अडचण विदेच्या तुटवड्याचीही आहे. अमेरिका आणि कॅनडात विसाव्या शतकाच्या मध्याला उपचार न केलेल्या मुलांचे दरवर्षी एक्स-रे काढून वाढीचे मोठे संग्रह झाले: क्लीव्हलँडचा बोल्टन-ब्रश, ओहायोतला फेल्स, ऑन्टारिओतला बर्लिंग्टन. त्यांतले नऊ संग्रह आज इंटरनेटवर खुले आहेत. निरोगी मुलांवर विनाकारण दरवर्षी किरणोत्सर्ग करणे आज नैतिक मानले जाणार नाही, त्यामुळे असे संग्रह पुन्हा होणार नाहीत. आणि त्यांतली बहुतेक मुले युरोपीय वंशाची आहेत.

लवकर उपचार करावा का, या प्रश्नात मात्र चाचण्यांनी बरेच काही स्पष्ट केले. वरचे दात पुढे आलेल्या मुलांवर नॉर्थ कॅरोलायना, फ्लोरिडा आणि ब्रिटन इथे झालेल्या यदृच्छ चाचण्यांत दिसले की आठ-नऊ वर्षांच्या वयात सुरू करून दोन टप्प्यांत उपचार केला किंवा पुढे एकदाच केला, तरी शेवटच्या निकालात विशेष फरक पडत नाही. अशा चाचण्या एकत्र करून पाहणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या आढाव्याने एक फायदा नोंदवला: लवकर उपचार केलेल्या मुलांत पुढच्या दातांना इजा होण्याचे प्रमाण कमी होते. सरासरीपलीकडे कोणत्या मुलाला लवकर उपचाराचा खास लाभ होईल हे ओळखण्यात विदाविज्ञान उपयोगी पडेल अशी आशा आहे. ती अजून पुरी झालेली नाही.

अलायनरचा पडदा आणि प्रत्यक्षातला दात

१९९७ साली स्थापन झालेल्या अलाइन टेक्नॉलॉजी या कंपनीने तारांऐवजी दातांवर चढवायच्या पारदर्शक प्लास्टिकच्या आवरणांचा, म्हणजे अलायनरचा, बाजार उभा केला. दात कसे सरकत जातील याचे चलचित्र डॉक्टरला आणि रुग्णाला आधीच पडद्यावर दिसते. ते चलचित्र किती खरे ठरते? क्रॅविट्झ आणि सहकाऱ्यांनी २००९ साली पुढच्या दातांबाबत सरासरी अचूकता ४१ टक्के मोजली. २०२० साली त्याच गटाने पुन्हा मोजली तेव्हा ती ५० टक्के होती. सुधारणा झाली आहे, तरी ठरवलेल्या हालचालीपैकी निम्मीच पहिल्या संचात होते. म्हणून अनेकांना अलायनरचे पुढचे जादा संच घ्यावे लागतात.

या क्षेत्राचे बलस्थान म्हणजे प्रत्येक रुग्णाचा आधीचा, मधला आणि नंतरचा त्रिमितीय स्कॅन. विदेचा एवढा मोठा साठा ऑर्थोडॉन्टिक्समध्ये पूर्वी कधीच नव्हता. तो मुख्यतः खासगी कंपन्यांच्या ताब्यात आहे आणि त्यावर आधारलेल्या पद्धती स्वतंत्र संशोधकांना सहसा तपासता येत नाहीत. विद्यापीठांकडून आलेले खुले संच तुलनेने लहान आहेत. २०२२ च्या एका स्पर्धेत ९०० रुग्णांचे १,८०० स्कॅन खुले केले गेले, पण त्यांचा हेतू प्रत्येक दात वेगळा ओळखणे एवढाच होता.

आजच्या भूमिका

पहिल्या भूमिकेचे समर्थक म्हणतात की माणसांतले मतभेद हाच रुग्णाला मोठा धोका आहे. एकाच मुलाला दोन दवाखान्यांत दोन सल्ले मिळतात. यंत्र परिपूर्ण नसले तरी ते सातत्य आणेल, आणि जिथे तज्ज्ञ नाही अशा गावातल्या दंतवैद्याला कोणता रुग्ण पुढे पाठवायचा ते सांगेल. या शेवटच्या मुद्द्यात दम आहे. पुढे पाठवण्याचा निर्णय चुकला तरी एक फेरी वाया जाते, दात जात नाही.

दुसऱ्या बाजूला साशंक गट आहे. त्यांच्या मते आजची बहुतेक प्रारूपे एका रुग्णालयाच्या छोट्या विदेवर बेतलेली आहेत, बाहेरच्या रुग्णांवर तपासलेली नाहीत, आणि जुन्या सवयींनाच आकड्यांचा मान देतात. सौंदर्याच्या मोजमापाबद्दल त्यांची काळजी विशेष आहे. झुरिकच्या संशोधकांनी २०१९ साली जबड्याच्या शस्त्रक्रियेने चेहरा किती आकर्षक झाला ते यंत्राकडून मोजले. त्या यंत्राचे शिक्षण डेटिंग ॲपवरच्या छायाचित्रांवर झाले होते. अशा पसंतीवर बारा वर्षांच्या मुलीच्या हनुवटीचा निर्णय टेकवावा का, हा प्रश्न तांत्रिक राहत नाही.

यांच्यामध्ये एक मोठा गट आहे आणि त्याचा भर कामाच्या विभागणीवर आहे. खुणा आणि मोजमापे यंत्राने करावीत, डॉक्टरने तपासावीत. निर्णयात यंत्राने ‘काढा’ किंवा ‘काढू नका’ न सांगता दोन्ही वाटांचे संभाव्य परिणाम मांडावेत. डॉक्टरने आपले मत आधी लिहावे आणि मगच यंत्राचा सल्ला उघडावा, अशीही सूचना या गटातून येते. नवशिक्याने पडद्यावरचा आकडा आधी पाहिला, तर तो स्वतःहून विचार करीत नाही, अशी त्यामागची भीती आहे. आज हाती असलेल्या पुराव्यांना हीच भूमिका सर्वांत जास्त जुळते.

भारतातील नोंदी

भारतीय ऑर्थोडॉन्टिक सोसायटीची स्थापना १९६५ सालची. आज मुंबईचे शासकीय दंत महाविद्यालय, नायर दंत महाविद्यालय, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरची शासकीय महाविद्यालये इथल्या विभागांत दरवर्षी मोठ्या संख्येने मुले येतात. त्यांच्या फायली एका समान नमुन्यात आणि संगणकावर जमा झाल्या, तर देशी चेहऱ्यांवर शिकलेली आणि देशी रुग्णांवर तपासलेली साधने बनू शकतील. खासगी दवाखान्यांत मात्र एक्स-रेचा मार्ग सेंटरपासून डॉक्टरच्या व्हॉट्सॲपपर्यंतचा असतो. तिथे चित्राची प्रत घसरते आणि नोंद मागे राहत नाही.

नियमांची चौकट आकार घेत आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२३ साली आरोग्यक्षेत्रातील कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी नैतिक मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. त्याच वर्षीच्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील मुलांच्या विदेसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती अपेक्षित आहे, आणि त्याखालील नियमांनी उपचारापुरती डॉक्टरांना सवलत दिली आहे. ऑर्थोडॉन्टिक्सचे बहुसंख्य रुग्ण याच वयातले. उपचारासाठी काढलेला एक्स-रे सॉफ्टवेअर शिकवायला वापरणे उपचारात मोडते का, याचा निवाडा प्रत्येक संस्थेच्या नैतिकता समितीला करावा लागेल. पालकाने दिलेली संमती मूल सज्ञान झाल्यावर पुन्हा विचारायची का, हाही प्रश्न येईल.

उरलेले प्रश्न

यंत्राचा सल्ला मानून दात काढला आणि तो निर्णय चुकला, तर जबाबदारी सही करणाऱ्या डॉक्टरची, असे सध्या सर्वत्र धरले जाते. सल्ला न मानल्यामुळे चुकले तर काय, याबाबत एकमत नाही. खर्चाचाही प्रश्न आहे: दर एक्स-रेमागे शुल्क घेणारी परदेशी सेवा शासकीय रुग्णालयाला परवडेल का, की विद्यापीठांनी मिळून स्वतःचे साधन उभारावे?

सर्वांत मोठी पोकळी परिणामांच्या नोंदींची आहे. सिॲटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात लिट्ल, रीडेल आणि सहकाऱ्यांनी उपदाढा काढून उपचार केलेले रुग्ण, दात धरून ठेवणारे रिटेनर सुटल्यावर दहा वर्षांनी परत बोलावले. ३० टक्क्यांहून कमी जणांचे खालचे पुढचे दात समाधानकारक होते. वीस वर्षांनी पाहिले तेव्हा तसे १० टक्केच उरले होते. उपचाराआधीच्या मोजमापांत त्यांनी खूप शोधले, पण कोणाचे दात पुन्हा वाकडे होतील हे सांगणारे लक्षण सापडले नाही. रिटेनर आयुष्यभर वापरा, हा आजचा सल्ला त्या निष्कर्षावर उभा आहे.

ते काम प्लास्टरच्या साच्यांवर, एकेक रुग्णाला पत्र पाठवून झाले होते. आज तोंडात फिरवायचा स्कॅनर दोन-चार मिनिटांत तेच मोजमाप देतो. लिट्ल यांना न सापडलेले लक्षण काही हजार रुग्णांच्या दहा वर्षांनंतरच्या स्कॅनमध्ये सापडेल, की ते मुळातच नाही, हे विदाविज्ञान खरोखर सांगू शकेल. त्यासाठी उपचार संपल्यावर रुग्णांना परत बोलवावे लागेल, दवाखाने आणि शहरे बदललेल्यांचा माग ठेवावा लागेल. तो खर्च कोण करणार आणि जमलेला संच कोणाच्या ताब्यात राहणार, हे अजून ठरायचे आहे.